खिळ्यावरची टोकनं

भिमाजी तिडकेला मी अठ्ठावीस वर्षं ओळखतो आणि त्यातली सोळा वर्षं मला त्याचा राग आहे. तरी रोज संध्याकाळी त्याच्याच दुकानात जाऊन बसतो. बायको म्हणते, एवढा राग आहे तर जाता कशाला? तिला काय सांगू? ज्याची सगळी लबाडी आपल्याला माहीत असते आणि आपली ज्याला माहीत असते, त्याच्याइतका जवळचा माणूस दुसरा नसतो.

आम्ही दोघं सातपूरच्या एकाच कारखान्यात होतो. मी लेथवर आणि तो टूल स्टोअरला. स्टोअर म्हणजे जाळीची एक खोली, तिला हात जाईल एवढी खिडकी आणि खिडकीमागे भिमाजी. कानावर पेन्सिल, खांद्यावर पुसायचं फडकं आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळी हत्यारं याच्या आजोबांनी घडवलीत. आम्हा प्रत्येकाला पाच पितळी टोकनं दिलेली असत, त्यांवर आमचा नंबर ठोकलेला. बारीक मापं घ्यायचं मायक्रोमीटर हवं असेल तर एक टोकन खिडकीतून आत द्यायचं. भिमाजी हत्यार काढून द्यायचा आणि त्या हत्याराच्या रिकाम्या जागेवर, खिळ्याला, ते टोकन अडकवायचा. हत्यार परत केलं की टोकन परत. पद्धत साधी होती आणि चांगली होती, हे मी आजही मान्य करतो.

तिच्यातून भिमाजीने एक नियम काढला होता. टोकन ज्याचं, जबाबदारी त्याची. हत्यार कोणी वापरलं, कोणी पळवलं, कोणाच्या हातून पडलं, हे विचारायचंच नाही. खिळ्यावर कोणाचा नंबर आहे तेवढं बघायचं. साहेब लोकांना हा नियम फार आवडायचा. दर वर्षी सव्वीस जानेवारीला त्याचा सत्कार व्हायचा आणि तो शाल पांघरून असा उभा राहायचा की झेंडा त्याच्यासाठीच चढवलाय.

त्र्याण्णव साली स्टोअरमधलं एक मायक्रोमीटर गेलं. जपानी होतं, कारखान्यात तसं एकच. त्याच्या खिळ्यावर टोकन होतं वाळू नावाच्या कामगाराचं. वाळू सुरगाण्याकडचा, कोकणा आदिवासी पोरगा, तीन वर्षं टेम्पररीत घासून आता कायम होणार होता. चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला.

"दिलं होतं भाऊ. शिफ्ट सुटताना तुमच्या हातात दिलं. गर्दी होती. टोकन मागं दिलं नाय तुम्ही."

"टोकन खिळ्यावर आहे की नाही?" भिमाजी म्हणाला.

"हाय."

"कोणाचं आहे?"

"माझं हाय. पण..."

"मग झालं."

झालंच. वाळूला काढून टाकलं. त्यानंतर आठवडाभर तो रोज सकाळी गेटवर यायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, मी दिलं होतं. आम्ही मान खाली घालून आत जायचो. आठव्या दिवशी तो आला नाही आणि आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. मला तर फारच बरं वाटलं, कारण तो माझ्या मशीनशेजारी काम करायचा आणि माझ्याकडे बघून ते वाक्य जरा जास्त मोठ्याने म्हणायचा.

तीन वर्षांनी स्टोअरला रंग काढला. रॅक सरकवायला भिमाजीने मला बोलावलं. रॅक हलला आणि मागच्या फटीतून काहीतरी खाली पडलं. मायक्रोमीटर होतं. वाळूने हातात दिलं, याने गर्दीत रॅकवर ठेवलं, ते मागे घसरलं आणि टोकन द्यायचं राहून गेलं. समजायला वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. भिमाजीने ते उचललं, फडक्याने नीट पुसलं, तेलकट कागदात गुंडाळलं आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवून दिलं.

"साहेबांना सांगायचं ना?" मी विचारलं.

"काय सांगायचं?"

"वाळूने दिलं होतं म्हणून."

"टोकन त्याचंच होतं ना?" तो म्हणाला, आणि मला रॅकचं दुसरं टोक धरायला लावलं.

मी धरलं. आणि गप्प बसलो. अठ्ठ्याण्णवच्या द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंतला हायवेवर एका टेंपोत क्रेटवर बसलेला वाळू मला दिसला. द्राक्षतोडणीच्या टोळीतून आला असणार. केस पांढरे झालेले. त्याने मला ओळखलं की नाही, माहीत नाही. मी तोंड फिरवून उसाचा रस मागितला. म्हणजे भिमाजीबद्दल मी जे काही सांगणार आहे ते कोण सांगतोय, हेही लक्षात ठेवा.

दोन हजार एक साली कारखान्याने आम्हाला व्हीआरएस दिली. म्हणजे हाकललं, पण हार घालून. बाकीच्यांनी रिक्षा घेतल्या, पिठाच्या गिरण्या टाकल्या. भिमाजीने अशोकनगरच्या बसस्टॉपमागे गाळा घेतला आणि तीन कॉम्प्युटर मांडून 'तिडके इंटरनेट' अशी पाटी लावली. कॉम्प्युटरचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते त्याच्या मुलीला. शुभांगी तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. आई ती लहान असतानाच गेलेली, घरात बापलेक दोघंच. पोरगी सकाळी कॉलेज, दुपारी दुकान आणि संध्याकाळी स्वयंपाक असं करायची आणि वर हसायची. तिने बापाला माऊस धरायला शिकवलं. पहिले दोन दिवस तो माऊस उचलून कानाशी नेऊन हलवून बघायचा, आत काही सुटं झालंय का म्हणून. ती हसून लोटपोट व्हायची आणि तोही हसायचा. तेवढे दिवस मला त्याचा राग आला नव्हता.

वसाहतीतले लोक यायला लागले. कोणाचा मुलगा दुबईला, कोणाला आयटीआयचा निकाल बघायचाय, कोणाला मुलीचा बायोडाटा पाठवायचाय. प्रत्येकाला मेलचं खातं हवं होतं आणि प्रत्येकजण पुढच्या आठवड्यात पासवर्ड विसरून यायचा. भिमाजीला त्याचा वैताग यायला लागला. मग एक दिवस तो माझ्याकडे आला. तेलाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे घेऊन आला होता.

"मल्हारी, याची टोकनं काप. तुझ्याकडे अक्षरं ठोकायचे पंच आहेत ना?"

होते. ती टोकनं मी कापली, हेही सांगून टाकतो. एका बाजूला नंबर ठोकला आणि दुसऱ्या बाजूला मेलचा पत्ता आणि पासवर्ड. भिमाजीने प्लायवूडचा मोठा फळा केला, हिरवा रंग दिला, दोनशे खिळे ठोकले आणि दाराशेजारी लावला. माणूस यायचा, आपलं टोकन खिळ्यावरून काढायचा, कॉम्प्युटरसमोर उभं करून ठेवायचा आणि एकेक अक्षर बघून टाइप करायचा. जाताना टोकन परत खिळ्यावर. लोक खूश झाले. काखेत डायरी नको, डोक्याला ताप नको. आणि पासवर्ड पत्र्यावर ठोकलेला असल्यामुळे कोणी तो कधी बदललाही नाही. बदलायचा तर नवा पत्रा कापावा लागायचा.

माझा नंबर सत्तेचाळीस होता, शुभांगीचा एक. तिने सुरुवातीला कुरकुर केली होती. "अण्णा, माझं कशाला फळ्यावर? मला पाठ आहे." भिमाजी म्हणाला, "मालकाच्या पोरीचंच टोकन फळ्यावर नसेल तर लोक काय म्हणतील?" म्हणून एक नंबरच्या खिळ्यावर तिचं टोकन लागलं.

आता कोणी विचारेल, दुसऱ्याचं टोकन घेऊन दुसऱ्याची मेल उघडायला काय लागत होतं? काहीही नाही. हात लांब करावा लागत होता. आणि हात लांब करायचे लोक. कारभारी जाधवचा मुलगा अमेरिकेतून बापाला काय लिहितो, हे मी स्वतः दोनदा वाचलंय. मुलगा पैसे पाठवत नाही आणि वर बापालाच उपदेश करतो, हे वाचून मला फार समाधान वाटलं होतं. भिमाजी मात्र कधी कोणाची मेल उघडत नसे. या बाबतीत तो खरा होता. टोकन दुसऱ्याचं म्हणजे त्याच्यासाठी ते विंचवासारखं, हात लावायचं नाही.

एकदा कुंदन म्हणून एक पोरगा आला. तो पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये होता, आईबापांना भेटायला आला होता. फळा बघून तो दारातच थांबला.

"काका, हे काय आहे? हे असं नाही ठेवायचं. पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो."

"का?"

"कोणी गैरवापर केला तर जबाबदार कोण?"

"ज्याचं टोकन तो."

कुंदन डोक्याला हात लावून हसला. "म्हणजे तुमचा आणि मेल कंपनीचा नियम एकच आहे." आणि त्याने पडद्यावर एक भलंमोठं इंग्रजी पान काढून दाखवलं. खातं उघडताना हे पान येतं, खाली 'मान्य आहे' असं बटण असतं, ते दाबल्याशिवाय खातं मिळत नाही. त्यात लिहिलं होतं की तुमच्या खात्यातून जे काही होईल त्याला तुम्ही जबाबदार. कंपनी जबाबदार नाही, दुकानदार जबाबदार नाही, कोणीच नाही. "काका, एवढ्या लोकांचं हे बटण कोणी दाबलं?" भिमाजी अभिमानाने म्हणाला, "सगळ्यांचं मीच दाबलं." कुंदनला वाटलं होतं की त्याला लाज वाटेल. भिमाजीने त्या वाक्याचं मराठी करून घेतलं, मोठ्या अक्षरात छापलं आणि फळ्याच्या वर चिकटवलं. परदेशातली एवढी मोठी कंपनी आपल्याच नियमाने चालते, हे तो पुढे महिनाभर सांगत होता.

शुभांगी पदवी घेऊन एका शाळेत कॉम्प्युटरची शिक्षिका म्हणून लागली. शाळेचं नाव सांगत नाही. दोन वर्षांत ती कायम होणार होती. पोरींना तिचा लळा लागला होता आणि पालकांना ती घरच्या अभ्यासाच्या मेल पाठवायची. शाळेत इंटरनेट नव्हतं, म्हणून शाळा सुटल्यावर बापाच्याच दुकानात बसून पाठवायची. त्यामुळे सगळ्या पालकांचे पत्ते तिच्या खात्यात होते.

दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये, एका शनिवारी दुपारी सव्वा वाजता, त्या खात्यातून एक मेल गेली. सगळ्या पालकांना आणि संस्थेच्या सचिवांना. मुख्याध्यापिका आणि सचिव यांच्याबद्दल. काय लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही. मी ते वाचलंय आणि ज्याने लिहिलं त्याच्या हाताला किडे पडोत. शनिवारी शाळा साडेबाराला सुटायची. सव्वा वाजता शुभांगी शहर बसमध्ये उभी होती. पण बसमधल्या गर्दीला तिची साक्ष देता येत नव्हती. मेल कोणी पाठवली ते आजवर कळलेलं नाही. त्या दिवशी दुकानात चाळीसएक माणसं येऊन गेली होती. नोकरीवर डोळा ठेवून बसलेलं कोणी असेल, तिने नकार दिलेला कोणी असेल, किंवा नुसती गंमत म्हणून एक नंबरचं टोकन काढणारा कोणी असेल.

सोमवारी तिला शाळेतून घरी पाठवलं आणि बुधवारी चौकशी लावली. सांगितलं की वडिलांना घेऊन या.

मंगळवारी संध्याकाळी ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. तिने सगळं नीट विचार करून ठरवलेलं होतं. "मल्हारीकाका, अण्णांनी फक्त एवढंच लिहून द्यायचंय की दुकानात येणाऱ्या कोणालाही माझं टोकन घेता येत होतं. एक ओळ. मी मुख्याध्यापिकाबाईंशी बोलले, त्या म्हणाल्या, तेवढं पुरे. पण अण्णा काही बोलतच नाहीत. तुम्ही सांगा ना त्यांना. आणि उद्या तुम्हीही या."

मी दुकानात गेलो. भिमाजी फळ्यावरची टोकनं पुसत बसला होता.

"लिहून दे की एक ओळ," मी म्हणालो. "खरंच तर आहे."

तो टोकन पुसत राहिला.

"अरे, तुझी पोरगी आहे. तिचं आयुष्य जाईल. तुझं काय जाणार आहे? फार तर फळा काढावा लागेल."

"टोकन तिचं आहे, मल्हारी."

तेव्हा मला राहवलं नाही. "आणि वाळूचंही टोकन त्याचंच होतं, नाही का? खणात ठेवलंयस ना अजून ते मायक्रोमीटर?"

त्याचा हात थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणूनच."

"म्हणजे?"

"उद्या मी लिहून दिलं की टोकन असून माणूस निर्दोष असू शकतो, तर मी वाळूचं काय केलं?"

एवढं बोलून त्याने टोकन खिळ्यावर अडकवलं आणि पुढचं घेतलं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण हात उचलला नाही, कारण रॅकचं दुसरं टोक मीच धरलं होतं.

बुधवारी आम्ही तिघं शाळेत गेलो. सचिव म्हातारे होते, माणूस वाईट नव्हता. स्वतःच्याच बदनामीची चौकशी करायला बसलेले, तरी आवाज चढवला नाही. मला वाटतं त्यांनाही प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी भिमाजीला खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, "तिडके, दुकान तुमचं आहे. तुमच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या कोणाला हिचं खातं उघडता येतं का? हो म्हणालात तर विषय इथे संपतो."

याहून मोठं दार कोणी कोणासाठी उघडून धरत नाही. शुभांगी बापाकडे बघत होती. लहान मूल पोहताना काठावरच्या बापाकडे बघतं तशी बघत होती.

भिमाजी उभा राहिला. सत्काराला उभा राहायचा तसाच. "खातं तिचं आहे," तो म्हणाला. "टोकन तिचं आहे. ज्याचं टोकन, जबाबदारी त्याची. कंपनीचाही नियम तोच आहे."

"अण्णा," शुभांगी म्हणाली, "तो नियम मी वाचलासुद्धा नव्हता. 'मान्य आहे'चं बटण तुम्ही दाबलं होतं. मी नाही."

भिमाजी खाली बसला. सचिवांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कोण? तुम्हाला काही सांगायचंय?"

मला सांगायचं होतं. फळ्याबद्दल, खिळ्यांबद्दल, सव्वा वाजताच्या बसबद्दल. पण कोणालाही टोकन घेता येतं असं मी म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: तुम्ही कधी घेतलंत का? कारभारी माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्याच्या मुलाच्या मेल मी वाचल्या, हे वसाहतीत पसरलं असतं. एवढ्याशा लाजेपायी मी म्हणालो, "मी शेजारी आहे. सोबत आलोय."

शुभांगीने माझ्याकडे एकदाच बघितलं. बाकीचं ऐकून घेतलं, सही केली आणि बाहेर पडली. नोकरी गेली. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, नावासकट. महिनाभराने एका स्थळाकडून होकार येणार होता, तो आला नाही. वसाहतीतल्या बायका म्हणाल्या की पोरीची जात, कशाला हवं ते कॉम्प्युटर. पुरुष म्हणाले की बाप हरिश्चंद्र आहे, पोटच्या पोरीलाही पाठीशी घातलं नाही. हे बोलायला ते सगळे तिडके इंटरनेटमध्येच जमायचे आणि बोलून झालं की आपापलं टोकन काढून मेल बघायचे. दोनशे माणसांपैकी एकानेही आपलं टोकन घरी नेलं नाही. मीही नाही.

शुभांगी पिंपळगावला मावशीकडे गेली. जाताना तिने फळ्यावरचं एक नंबरचं टोकन काढून बापाच्या टेबलावर ठेवलं. "हे घ्या तुमचं," एवढंच म्हणाली. तिथे ती एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये लागली. परदेशी जाणाऱ्या पेट्यांचे फोटो काढून मेलने पाठवायचं काम. पुढे तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. मला पत्रिका आली. भिमाजीला आली नाही. पिंपळगाव इथून तीस किलोमीटर, अर्ध्या तासाला गाडी. तो कधी गेला नाही आणि ती कधी आली नाही.

मागच्या वर्षी तिला मुलगा झाला. आणि देव जाणे का, तिने मला मेल पाठवायला सुरुवात केली. माझा पत्ता तिला पाठ होता. दर शनिवारी एक फोटो. पॅकहाऊसच्या कॅमेऱ्यातून काढलेला. पोरगं क्रेटमध्ये बसलंय, पोरगं द्राक्षाचा घड ओढतंय. खाली एकच ओळ असायची: "काका, अण्णांना दाखवू नका. आणि तुमचा पासवर्ड बदला."

मी दाखवत नव्हतो. पासवर्ड मात्र बदलला नाही. आणि हे मी विसरलो म्हणून नाही, मुद्दाम. भिमाजी शेजारच्या खुर्चीवर बसलेला असायचा. मी फोटो बघायचो, तो वळायचा आणि मी पडदा बंद करायचो. "काही आलं का तिकडून?" तो विचारायचा. "नाही," मी म्हणायचो. मग त्याच्या डोळ्यांदेखत सत्तेचाळीस नंबरचं टोकन खिळ्यावर अडकवून घरी जायचो. नातू त्याच्यापासून चार हातांवर, पत्र्याच्या तुकड्यावर लटकत होता. हात लांब केला की झालं. पण टोकन दुसऱ्याचं. माझी खात्री होती की तो हात लावणार नाही, आणि त्या खात्रीवर मी रात्री छान झोपायचो. शुभांगीच्या विश्वासाशी मी खेळत होतो, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

गेल्या रविवारी मी मेल उघडली तर शनिवारची मेल आधीच वाचलेली होती. न वाचलेली मेल जाड अक्षरात दिसते, ही बारीक अक्षरात होती. आदल्या दिवशी मी दुकानात आलोच नव्हतो. दुकानात कोणी नव्हतं. भिमाजी मागे मोरीवर गेला होता. मी त्याच्या टेबलाचा खण ओढला. तेलकट कागदातलं मायक्रोमीटर तिथेच होतं. त्याच्याखाली एक नंबरचं टोकन होतं. आणि त्याखाली कागदावर काढलेली प्रिंट होती. काळी-पांढरी, शाई कमी पडल्याने रेघा आलेली. पोरगं पहिल्यांदा उभं राहिलं होतं, पेट्यांना धरून. कागदाच्या कडा मऊ पडल्या होत्या. एका दिवसात एवढा कागद कोणी हाताळला असेल?

भिमाजी आला आणि माझ्या हातातला कागद बघून दारातच थांबला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कोणीतरी प्रिंट काढून विसरून गेलं."

"माझी मेल कोणी उघडली?"

तो फळ्याकडे बघायला लागला. "टोकन तुझं आहे. तूच उघडली असशील."

त्या क्षणी मला वाळू आठवला, शाळेतली ती खुर्ची आठवली आणि मी म्हणालेलं 'सोबत आलोय' आठवलं. मी म्हणालो, "भिमाजी, एक वाक्य म्हण. मीच उघडली, एवढंच. फोटो तुझा. पुढचेही दाखवीन, तिच्या हातापाया पडून परवानगी आणीन. फक्त एवढं म्हण."

त्याचे ओठ हलले. डोळे भरून आले होते, एवढं मला स्पष्ट दिसलं. त्याने हात पुढे केला, कागदाकडे. मी कागद मागे घेतला आणि वाट बघितली. खरंच बघितली. दाराबाहेरून दोन बस निघून गेल्या.

"कोणीतरी विसरून गेलं," तो म्हणाला.

"मग ज्याचा आहे त्याला देतो," मी म्हणालो आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

मग मी खुर्चीवर बसलो आणि आठ वर्षांत पहिल्यांदा पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड कुठे लिहिला नाही, ठोकला नाही. सत्तेचाळीस नंबरचं टोकन खिळ्यावरून काढून तेही खिशात टाकलं. जे चार वर्षांपूर्वी शाळेतल्या त्या खोलीत भिमाजीविरुद्ध उभं राहून करायला हवं होतं, ते एका म्हाताऱ्याच्या हातातून कागद काढून घेऊन मी केलं. शुभांगीला एवढंच कळवलं की पासवर्ड बदललाय.

मी निघालो तेव्हा भिमाजी रिकाम्या खिळ्यासमोर उभा होता. "मल्हारी, अरे..." तो म्हणाला. तेवढ्यात कोणीतरी बाई आत आल्या. "काका, माझं टोकन द्या ना, एकशे बारा." त्याने डोळे पुसले, एकशे बाराचं टोकन शोधलं आणि त्यांच्या हातात दिलं.